ब्राउझर नवा, अक्षरं जुनी

घरच्या संगणकावरचा ब्राउझर रात्रीतून नवा झाला आणि काल चालणारं पान आज चालेना, ही तक्रार देहूसारख्या गावात तीन तऱ्हांनी पुढे येऊ शकते. भजनी मंडळातल्या कुणाला, वर्षानुवर्षं वाचलेल्या अभंगांच्या पानावर अचानक इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते. चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग करून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याची जीएसटीच्या विवरणपत्रावर डिजिटल सही होत नाही. आणि पोरांच्या आवडीचा एखादा जुना शैक्षणिक खेळ जिथे उघडायचा, तिथे नुसता करडा चौकोन उरतो. तिन्ही घरांत पहिला संशय नव्या ब्राउझरवर जातो आणि शेजारचा कुणी जाणकार सांगतो, "जुनं व्हर्जन परत टाका, सगळं ठीक होईल."

हा सल्ला मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण अशा बहुतेक प्रसंगी नवा ब्राउझर काही मोडत नसतो. ते पान कधीतरी एका विशिष्ट ब्राउझरच्या खासगी सोयीवर उभं केलेलं असतं आणि ती सोय आता काढून घेतलेली असते. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या नियमांवर उभी असलेली पानं वीस-पंचवीस वर्षं जुनी असली तरी आजही उघडतात. खासगी सोयीवरची पानं आधी पडतात. इंग्रजी वाचकाला याचा त्रास थोडाफार झाला. मराठी वाचकाला फार झाला, कारण आपली लिपीच कित्येक वर्षं अशा खासगी सोयींच्या आधाराने पडद्यावर येत होती.

मूळ गोष्ट अशी. ब्राउझर हा पान वाचून चित्र काढणारा कार्यक्रम. पान कसं लिहायचं याचे सामाईक नियम असावेत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सुरू केली. पण त्याच काळात नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांची शर्यत लागली. १९९७ मध्ये दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या आणि दोघांनीही आपापल्या पदरची नवी सोय त्यात घातली. पानं तयार करणाऱ्यांना एक बाजू धरावी लागली. "हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसते" अशी पाटी तेव्हा सरकारी पानांच्याही तळाशी असायची. ती पाटी म्हणजे पुढच्या अडचणीची आगाऊ सूचना होती.

आता देहूकडे येऊ. इथल्या गाथा मंदिरात भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेले आहेत. तिथे अक्षर म्हणजेच त्याचा आकार. तो दगडात एकदा उतरला की कुणी वाचो न वाचो, तसाच राहतो. संगणकात आकार साठवलेला नसतो. साठवलेला असतो क्रमांक. पान उघडलं की ब्राउझर, विंडोज आणि फॉन्ट असे तिघं मिळून त्या क्रमांकांची अक्षरं दर वेळी नव्याने काढतात. तिघांपैकी एक जरी बदलला, तरी क्रमांक तेच राहून अक्षर वेगळं निघू शकतं. हे एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं कोडं सुटतं.

देवनागरीला स्वतःचे क्रमांक नव्हते असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मंजूर झालं होतं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली होती. पण घरोघरच्या विंडोज ९५ आणि ९८ ला यातलं काही समजत नव्हतं. त्यांना इंग्रजी अक्षरं कळत, बस. म्हणून एक तोडगा निघाला: इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी आकार बसवायचे. टायपिंगच्या क्लासात शिकवतात त्या रेमिंग्टन मांडणीवर बेतलेला कृतिदेव फॉन्ट घ्या. एन, एस, जी, डब्ल्यू ही चार बटणं ओळीने दाबली की पडद्यावर 'देहू' उमटतं: एनच्या घरात द, एसच्या घरात मात्रा, जीच्या घरात ह, डब्ल्यूच्या घरात दीर्घ उकार. आर, क्यू, डी, के, जे, के, ई दाबलं की 'तुकाराम'. वाचणाऱ्याला मराठी दिसतं, पण फाइलमध्ये मराठीचा एक कणही नसतो. फॉन्ट काढून घेतला की उघडी पडते ती इंग्रजी अक्षरांची रांग.

बरं, सगळ्या फॉन्टांची घरं सारखी असती तरी निभावलं असतं. पण पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची मांडणी वेगळी, पुण्यातल्याच सी-डॅकच्या योगेश-सुरेख या फॉन्टांची वेगळी, शिवाजीची आणखी वेगळी. एका फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की मराठीच अक्षरं येत, पण अर्थहीन. या मंडळींना दोष देण्याचं कारण नाही. त्यांच्यामुळेच मराठी पुस्तकं, दैनिकं, लग्नपत्रिका, वारीच्या दिंड्यांची पत्रकं संगणकावर छापली जाऊ लागली. छपाईला हा तोडगा पुरेसा होता, कारण कागदावर शाई पडली की आकार पक्का होतो. अडचण आली ती हाच मजकूर इंटरनेटवर चढवला तेव्हा. आता वाचणाऱ्याच्या घरीही तोच फॉन्ट हवा.

म्हणून मराठी संकेतस्थळांवर "मराठी नीट दिसत नसल्यास फॉन्ट उतरवून घ्या" असा दुवा असायचा. त्याहून चलाख उपाय होता पानासोबतच फॉन्ट पाठवण्याचा. त्याला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. आणि इथे ब्राउझरांची ती शर्यत थेट आपल्या लिपीत शिरली. इंटरनेट एक्सप्लोररला ईओटी प्रकारची फाइल लागे, नेटस्केपला बिटस्ट्रीम कंपनीच्या तंत्राची पीएफआर फाइल. मेहनती संपादक दोन्ही ठेवत. २००० साली नेटस्केपची सहावी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहून आली आणि तिच्यात बिटस्ट्रीमची सोय नव्हती. ज्याने हौसेने नेटस्केप नवं केलं, त्याचं मराठी गेलं. पुढे फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम आला. ईओटी त्यांनी कधीच स्वीकारलं नाही. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये हे तंत्र डब्ल्यूथ्रीसीपुढे मांडलं, पण ते मानक झालं नाही. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मायक्रोसॉफ्टचाच एज ब्राउझर आला, तर त्यानेही ईओटी सोडून दिलं. एक्सप्लोररमध्ये अभंग वाचणाऱ्या घराने संगणक नवा घेतला की अभंगांच्या जागी तीच इंग्रजी गिचमीड.

फॉन्ट घरच्या संगणकात रीतसर बसवलेला असूनही अक्षरं तुटतात, अशीही उदाहरणं आहेत, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहेत. इंग्रजीच्या घरांत १७३ क्रमांकाचं एक घर आहे. त्यात मऊ संयोगचिन्ह असतं: लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला तरच दिसणारं, एरवी अदृश्य राहणारं. जुना फायरफॉक्स त्याकडे लक्ष देत नसे. २००८ मध्ये आलेला फायरफॉक्स ३ हा नियम पाळू लागला. इंग्रजी वाचकासाठी ही सुधारणा. पण ज्या देशी फॉन्टाने १७३ च्या घरात एखादा काना किंवा अर्धं अक्षर बसवलं असेल, त्याचा तेवढाच तुकडा मजकुरातून नाहीसा व्हायचा. बाकी सगळं शाबूत, आणि प्रत्येक ओळीत एखादं अक्षर गायब! दुसरं उदाहरण एन्कोडिंगच्या मेनूचं. अक्षरं बिघडली की ब्राउझरच्या मेनूत जाऊन एन्कोडिंग बदलून पाहायचं, ही जुन्या मराठी वाचकांची सवय होती. क्रोमने तो मेनू २०१६ च्या अखेरीच्या सुमारास काढून टाकला. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये त्याच्या जागी एक बटण आणलं. ते मजकूर आपोआप दुरुस्त करू पाहतं. फॉन्टांच्या घरांत बसवलेली मराठी कोणत्याही मानक एन्कोडिंगमध्ये येतच नाही, त्यामुळे त्या बटणाचा तिला उपयोग नाही.

यावर कायमचा उपाय युनिकोड. त्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत. 'विठ्ठल' हा शब्द तिथे सहा क्रमांकांचा: व, ऱ्हस्व वेलांटी, ठ, हलन्त, पुन्हा ठ, आणि ल. वेलांटी व च्या डावीकडे काढायची, दोन ठ एकमेकांना जोडायचे, हे काम वाचणाऱ्याच्या संगणकाने करायचं. विंडोज २००० मध्ये ही सोय आली आणि तिच्यासोबत आला मंगल हा फॉन्ट. तो रेखला होता मराठी कवी आणि सुलेखनकार रा. कृ. जोशी यांनी. विंडोज एक्सपीत मात्र ही सोय असूनही झाकलेली होती: कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीची एक खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. ज्यांच्याकडे सीडी नव्हती, त्यांना वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली दिसत.

तरी काही मंडळी युनिकोडला चिकटून राहिली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो युनिकोडमध्येच. 'मनोगत' हे संकेतस्थळही त्याच सुमारास युनिकोडमध्ये आलं. या काळात ब्राउझर नवा करणं मराठीसाठी फायद्याचंही ठरलं. फायरफॉक्स २ मध्ये विंडोजवर एक मोठा दोष होता: परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ केलेल्या असतील, तर देवनागरीची जोडाक्षरं सुटी पडत आणि काने-मात्रे भरकटत. वाचणारा समजे की लिहिणाऱ्यानेच अशुद्ध लिहिलंय. १७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आला. पहिल्या चोवीस तासांत ८० लाखांहून अधिक जणांनी तो उतरवून घेतला, हा तेव्हाचा जागतिक विक्रम. जगभर गाजला तो आकडा. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या दिवसाची खरी मोठी गोष्ट ही की कडा सरळ केलेला परिच्छेद आता वाचता येऊ लागला.

युनिकोड आला म्हणून सगळं संपलं नाही, आणि जे उरलं त्याचं उत्तम उदाहरण देहूच्याच रोजच्या बोलण्यातलं आहे: 'वारकऱ्यांची'. यातला अर्धा र य च्या डावीकडे आडवा लागतो. 'सूर्य' मधला र मात्र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. मराठीत हा फरक अर्थाचा आहे. हिंदीत असा अर्धा र लागतच नाही. संगणकाला हा फरक दोन रीतींनी सांगता येतो. एक, साध्या र नंतर हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण. दुसरी, नुक्ता दिलेला ऱ वापरून त्याला हलन्त द्यायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्या रीतीतली अदृश्य खूण फार नाजूक आहे. काही पानांची यंत्रणा मजकूर साठवताना "न दिसणारा कचरा" म्हणून ती पुसून टाकते, आणि मग छापून येतं 'वारकर्यांची'. बातम्यांत, परिपत्रकांत, फलकांवर हे रूप तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. ते अशुद्धलेखन नाही; कुठेतरी वाटेत हरवलेली ती खूण आहे. शिवाय पानावर शब्द शोधायला गेलं, तर एका रीतीने टाइप केलेला 'वारकऱ्यांची' दुसऱ्या रीतीने लिहिलेला शोधून देईलच असं नाही. दोघंही डोळ्यांना एक, संगणकाला दोन. म्हणून लिहिताना नुक्त्याच्या ऱ ची रीत वापरावी, असा माझा आग्रह आहे. ती वाटेत हरवत नाही.

'ॲ' चीही कथा अशीच. 'ॲप', 'ॲडमिशन' मधलं हे अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' वर सुटा चंद्र ठेवत. एक्सपीच्या मंगल फॉन्टमध्ये नवं अक्षर नव्हतंच, त्यामुळे तिथे रिकामा चौकोन दिसे. उलट, सुटा चंद्र ठेवलेली जुनी पानं नव्या व्यवस्थेत उघडली की काही फॉन्टांत तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर वेगळाच लटकतो. अशा वेळी ब्राउझर तुम्हाला खरं तर हे सांगत असतो की हे दोन भाग नियमाने एकत्र येत नाहीत.

आणि ल-श. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं निश्चित केली. मराठी वळणाचा ल आणि श त्यात आहे. क्रमांक मात्र हिंदी आणि मराठीला एकच. मराठी वळण काढायचं की हिंदी, हे फॉन्टला कळावं म्हणून पान मराठीत असल्याची नोंद पानाच्या सुरुवातीलाच करावी लागते. ती असेल, फॉन्टात दोन्ही वळणं असतील आणि ब्राउझर ती नोंद फॉन्टपर्यंत पोचवत असेल, तर 'लोहगाव' मधला ल मराठी दिसतो. ब्राउझर नवा केल्यावर कुणाला ल बदललेला दिसला, तर घाबरायचं कारण नाही. बहुधा पूर्वी न पाळला जाणारा नियम आता पाळला जातोय. विंडोज बदलली तरी असाच भास होतो, कारण विंडोज १० मध्ये मंगल आपोआप येत नाही. तो वेगळा मागवावा लागतो, आणि त्याच्या जागी निर्मला दिसतो.

पानासोबत फॉन्ट पाठवण्याची ती कल्पना मात्र वाया गेली नाही. वॉफ नावाने ती सामाईक नियमांत आली. डब्ल्यूथ्रीसीने २०१२ मध्ये तिला अंतिम मान्यता दिली. आज मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्त फॉन्ट 'मुक्ता' कोणत्याही मराठी पानासोबत पाठवता येतो आणि तो सर्व ब्राउझरांत दिसतो. तीच कल्पना, पण सगळ्यांच्या संमतीची. १९९७ आणि २०१२ मधला फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

अक्षरांवर मी बराच रेंगाळलो, कारण मराठीची खरी गोष्ट तीच आहे. खेळाच्या करड्या चौकोनाचं थोडक्यात सांगतो. तो फ्लॅशचा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चालणारा मजकूर अडवला. ब्राउझर जुना टाकून तो खेळ परत येत नाही.

सहीचा प्रश्न या पट्ट्यात जास्त महत्त्वाचा. भोसरी, तळवडे, चाकणला माल देणाऱ्या लहान उद्योगांपैकी जे प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी आहेत, त्यांना जीएसटीच्या कामासाठी डिजिटल सहीचं टोकन लागतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीने भागतं. आता, वेबच्या पानाला तुमच्या यूएसबीतल्या टोकनला परस्पर हात लावता येत नाही, आणि लावता येऊही नये. पूर्वी ही वाट जावा ॲपलेट किंवा एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्समधून जायची. याच वाटेने व्हायरसही घरात यायचे, म्हणून क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये असे जोडभाग बंद केले. त्या दिवसांत टेंडर भरणाऱ्या अनेकांनी एक जुना संगणक फक्त त्याच कामासाठी बाजूला ठेवला होता. पुढे नवी पद्धत आली. एमसाइनरसारखा एक छोटा कार्यक्रम तुमच्याच संगणकावर चालू राहतो. ब्राउझरमधलं पान त्याच्याशी संगणकाच्या आतल्याआत बोलतं, आणि तो टोकनकडून सही करून घेतो.

नव्या अपडेटनंतर ही साखळी तुटते ती बहुधा एका खिडकीमुळे. २०२५ च्या अखेरीस क्रोमने बाहेरच्या पानाला घरच्या संगणकावरच्या किंवा घरच्या वायफायवरच्या यंत्रांशी बोलण्याआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. डाव्या वरच्या कोपऱ्यात प्रश्न येतो, घाईत माणूस "ब्लॉक" दाबतो, आणि मग पान सांगतं की एमसाइनरशी संपर्क होत नाही. माणूस एमसाइनर काढून पुन्हा टाकतो, टोकन बदलतो, विवरणपत्राची मुदत डोक्यावर. उपाय सोपा आहे: पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून त्या संकेतस्थळाच्या परवानग्या पाहाव्यात, स्थानिक नेटवर्कची परवानगी द्यावी, पान पुन्हा उघडावं. मात्र ही परवानगी ओळखीच्या शासकीय पानालाच द्यावी. प्रश्न विचारणं ही सुधारणाच आहे. तुमच्या घरातल्या यंत्रांशी कोण बोलतंय हे तुम्हाला कळायलाच हवं.

आवृत्तीच्या आकड्यानेही घोटाळा होतो. ब्राउझर प्रत्येक पानाला आपलं नाव आणि क्रमांक सांगतो. काही पानं या क्रमांकाचे पहिले दोनच अंक वाचतात. ऑपेरा २००९ मध्ये दहाव्या आवृत्तीला पोचला, तेव्हा पहिलाच अंक वाचणारी पानं त्याला पहिली आवृत्ती समजून अडवू लागली. शेवटी ऑपेराने पानांना आपण ९.८० असल्याचं सांगायला सुरुवात केली. २९ मार्च २०२२ ला क्रोम आणि ३ मे ला फायरफॉक्स शंभरावर गेले, तेव्हा हीच भीती होती. "तुमचा ब्राउझर जुना आहे" असं नव्याकोऱ्या ब्राउझरला एखादं पान सांगत असेल, तर चूक त्या पानाची समजावी.

मग ब्राउझर नवा केलाच नाही तर? जुनी आवृत्ती परत टाकण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे तो इथेच. बँकेचं किंवा सरकारी पान आणि तुमचा संगणक यांच्यातलं बोलणं टीएलएस नावाच्या पद्धतीने कुलूपबंद होतं. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या कमकुवत ठरल्या म्हणून प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केल्या. फायरफॉक्सने हे मार्चमध्येच केलं होतं, पण कोविडची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळं अजून जुन्याच पद्धतीवर होती, म्हणून ती सोय थोडे महिने परत चालू केली आणि मग बंद केली. माणसांची गरज पाहून एक पाऊल मागे येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पण दिशा तीच राहते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, आणि जुन्या आवृत्तीत राहिलेली भोकं जगजाहीर असतात. ज्या घरात त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे अभंगाच्या एका पानासाठी ती उघडी ठेवणं परवडणारं नाही.

अडचण आलीच तर काम असं करावं. आधी तेच पान खासगी खिडकीत उघडावं. तिथे चाललं, तर दोष साठवलेल्या जुन्या फायलींचा किंवा एखाद्या जोडलेल्या एक्स्टेन्शनचा. एक्स्टेन्शन्स एकेक बंद करून पाहावीत. नाही चाललं, तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावं. तिथेही तेच, तर मोबाइलवर. तीनही ठिकाणी तोच दोष असेल, तर तो पानात आहे आणि घरी काही करून उपयोग नाही. उतारा किंवा पावती उघडतच नसेल, तर ती नव्या खिडकीत येते का आणि ब्राउझरने ती खिडकी अडवली आहे का, हे पत्त्याच्या पट्टीत दिसतं. फक्त एक्सप्लोररमध्येच चालणारं एखादं कार्यालयीन पान उघडायचं असेल, तर एज ब्राउझरमध्ये आयई मोड आहे. मायक्रोसॉफ्टने तो निदान २०२९ पर्यंत ठेवायचं सांगितलं आहे. एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आणि संबंधित कार्यालयाला कळवताना "चालत नाही" एवढंच लिहू नये. ब्राउझरचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, दिसलेला संदेश जसाच्या तसा आणि पडद्याचा फोटो द्यावा. हे चार तुकडे मिळाले की दुरुस्त करणाऱ्याचं काम निम्मं होतं.

आता जुन्या मजकुराचं काय करायचं, हे सांगणं मला सर्वांत गरजेचं वाटतं. दिंड्यांच्या याद्या, मंडळांचे अहवाल, हौसेने टाइप केलेली अभंगांची निवड, आजोबांच्या कीर्तनाची टिपणं: इंद्रायणीकाठच्या किती घरांत हे सगळं अजून श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये पडून असेल. फॉन्ट ओळखून युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. त्यांचा वापर करावा, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. परिवर्तकाला ती अख्ख्या जोडाक्षराला ओलांडून पलीकडे न्यावी लागते, आणि 'स्थिती' सारख्या शब्दात तो अर्ध्यावर थांबतो. रफाराचं उलट. 'कीर्तन' जुन्या फॉन्टात क, दीर्घ वेलांटी, त, रफार, न असं लिहिलेलं असतं. युनिकोडमध्ये र आणि हलन्त त च्या आधी यायला हवेत. म्हणून बदललेल्या फाइलमध्ये आधी हे शब्द शोधून पाहावेत: कीर्तन, तीर्थ, विठ्ठल, स्थिती, ज्ञानेश्वर, कृपा, आणि वारकऱ्यांची. हे बरोबर आले, तर बाकीचा मजकूर बहुधा बरोबर असतो. तरी एकाने मूळ छापील प्रत हातात धरून मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावं. मूळ फाइल पुसू नये. ती कोणत्या फॉन्टात आहे, हे तिच्या नावातच लिहावं, त्या फॉन्टची फाइल शेजारी ठेवावी आणि जुन्या संगणकावर ती अजून नीट उघडत असेल तोवर तिची एक पीडीएफ काढून घ्यावी.